वारस आणि वधू : वेस्टेरॉसच्या राज्यातील उमरावी विवाह

वेस्टेरॉस हे जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाने रचलेले काल्पनिक राज्य आहे. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या त्याच्या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. याच मालेवर आधारलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणी मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर पाहिली गेली. २०१८ मध्ये आलेला ‘फायर अँड ब्लड’ हा ग्रंथ त्याच राज्याच्या जुन्या राजघराण्याची बखर म्हणता येईल असा आहे. या राज्यात ड्रॅगन आहेत, मेलेली माणसे उठून चालतात, उन्हाळा वर्षानुवर्षे टिकतो. जमीन, वारसा आणि लग्न यांचे नियम मात्र फारसे काल्पनिक नाहीत. त्यांतले बरेचसे मध्ययुगीन इंग्लंडमधून आणि फ्रान्समधून उचललेले आहेत. पंधराव्या शतकातील इंग्लंडमधली यादवी, म्हणजे ‘वॉर्स ऑफ द रोझेस’, हा आपला एक मोठा आधार असल्याचे मार्टिनने स्वतः सांगितले आहे.

या राज्यातील स्त्रियांची स्थिती ‘पुरुषप्रधान’ या एका शब्दात सांगून संपत नाही. वेस्टेरॉसमध्ये उमरावाच्या मुलीला वारसाहक्क आहे. तिला भाऊ नसेल तर बापाची गढी आणि जमीन तिच्याकडे येते, काकाचा नंबर तिच्यानंतर लागतो. कागदावर हा हक्क बरा दिसतो. पण स्वतःचे लग्न ठरवण्याचा हक्क तिला नाही. जमीन तिच्या नावावर आणि ती दुसऱ्याच्या ताब्यात, अशी ही रचना आहे. त्यामुळे वारसा तिचे रक्षण करत नाही, उलट तिला हेरून काढायला मदत करतो. या राज्यातल्या बहुतेक छळविवाहांच्या मुळाशी हीच विसंगती आहे.

सोयरिकीचा व्यवहार

वेस्टेरॉसमधील उमरावी लग्न हा दोन घराण्यांमधला करार असतो. विधीतही ते दिसते. वधू माहेरच्या रंगांचा झगा पांघरून येते, वर तो उतरवतो आणि आपल्या घराण्याचा झगा तिच्या खांद्यांवर घालतो. एका घराचे संरक्षण संपले आणि दुसऱ्याचे सुरू झाले, असा त्याचा अर्थ. संरक्षण नसलेली मधली जागा, जिथे ती स्वतःची स्वतः उभी असेल, विधीत कुठेच नाही.

या करारात वधूच्या बदल्यात काय मिळते, ते प्रसंगागणिक बदलते. परागंदा राजपुत्र व्हिसेरिस आपली तेरा वर्षांची बहीण डेनेरिस हिला खाल ड्रोगो या घोडेस्वार टोळीप्रमुखाला देतो. गेलेली गादी परत जिंकण्यासाठी त्याला फौज हवी असते, आणि बहिणीखेरीज त्याच्यापाशी देण्याजोगे काही उरलेले नसते. वॉल्डर फ्रे हा नदीवरच्या पुलाचा मालक, आणि रॉब हा उत्तरेतल्या स्टार्क घराण्याचा मुलगा. रॉब स्टार्कच्या सैन्याला पलीकडे जाऊ देण्यासाठी तो आपल्या मुलींपैकी एकीशी लग्नाचे वचन मागतो. रॉब ते मोडतो आणि त्याचा सूड म्हणून लग्नाच्याच मांडवात कत्तल होते. याच फ्रेने उत्तरेतल्या रूज बोल्टन या उमरावाला देऊ केलेला हुंडा म्हणजे नवरीच्या वजनाइतकी चांदी. बोल्टन हिशेबी माणूस. तो सर्वांत जाड नवरी निवडतो.

एरमेसांड हेफर्ड ही या व्यवहाराची शेवटची पायरी. घराण्यात दुसरे कोणी न उरल्यामुळे ती आपल्या गढीची मालकीण झाली आहे, आणि ती अजून अंगावर पिते. तिचे लग्न लॅनिस्टर घराण्यातल्या टायरेक या किशोरवयीन मुलाशी लावले जाते. दरबारात त्या मुलाची टिंगल होते, पण हे लग्न अवैध आहे असे कोणी म्हणत नाही. नवरीला बोलता येत नाही याने काही अडत नाही, कारण तिने बोलावे अशी अपेक्षाच नव्हती.

लायसा टलीच्या लग्नात हा व्यवहार सर्वांत उघडा पडतो. तिच्या वडिलांच्या घरी वाढलेल्या, लहान घराण्यातल्या पीटर बेलिश या तरुणापासून तिला दिवस राहतात. बाप हॉस्टर टली औषधी काढा पाजून तिचा गर्भ पाडतो. लवकरच राजाविरुद्ध बंड पेटते आणि हॉस्टर आपल्या तलवारींची किंमत ठरवतो : थोरली मुलगी कॅटलिन स्टार्क घराण्यात आणि धाकटी लायसा जॉन ॲरिनला. ॲरिन वयाने हॉस्टरहूनही मोठा, दोन लग्ने होऊन निपुत्रिक राहिलेला. त्याला मूल होण्याची खात्री असलेली बायको हवी असते आणि लायसाला दिवस राहिले होते, एवढा पुरावा त्याला पुरतो. ज्या गोष्टीसाठी बापाने तिला शिक्षा केली, तीच बोलणीत तिची लायकी ठरली. पुढे वारंवार गर्भपात, मृत बाळे आणि एकच आजारी मुलगा, असा तिचा संसार होतो. कादंबरीच्या कथानकाला गती देणारा खून, म्हणजे जॉन ॲरिनवरचा विषप्रयोग, लायसाच्याच हातून घडतो. हॉस्टरने जुळवलेल्या सोयरिकीचा तो शेवट आहे.

वारस मुलगी आणि वारस विधवा

जिथे भाऊ आहेत तिथे मुलगी तहाच्या मसुद्यातली एक अट असते. भाऊ मेले की तीच मसुदा होते. सान्सा स्टार्कचे आयुष्य याचे मोजमाप देते. अकराव्या वर्षी तिची सोयरीक राजपुत्र जॉफ्रीशी ठरते, तेव्हा तिला मान आहे. बापाला देहदंड झाल्यावर ती ओलीस होते. मग धाकटे भाऊ मेल्याची बातमी पसरते आणि थोरला भाऊ रॉब शत्रूशी लढत असतो. तो पडला की विंटरफेल ही स्टार्कांची गढी आणि त्यासोबत सगळी उत्तर सान्साकडे येणार, हे दिसू लागताच टायरेल घराणे तिला आपल्या वारसासाठी मागू पाहते. ते कळताच लॅनिस्टर घाईने तिचे लग्न आपल्या घरातल्या टिरियनशी लावतात. त्या वेळी ती बारा वर्षांची आहे. सकाळी नवा पोशाख चढवेपर्यंत आपलेच लग्न आहे हे तिला माहीत नसते. वर ठेंगणा आहे, झगा घालता यावा म्हणून तिने गुडघे टेकावेत अशी खूण होते. ती टेकत नाही. त्या दिवशी तिच्या हातात एवढेच असते. टिरियन तिला स्पर्श करत नाही, हा त्याचा भलेपणा. पण तिची सुरक्षितता नवऱ्याच्या भलेपणावर अवलंबून असावी, यात व्यवस्थेचा दोष झाकला जात नाही. पळून गेल्यावर ज्याच्या आश्रयाला ती जाते, तो बेलिशही तिच्यासाठी पुढचे लग्न योजून बसलेला असतो.

डोनेला हॉर्नवुड ही प्रौढ विधवा. नवरा आणि एकुलता एक मुलगा, दोघे एकाच युद्धात मेलेले. आसपासचे उमराव मागणी घालू लागतात आणि विंटरफेलमध्ये तिच्या पुनर्विवाहाची चर्चा सुरू होते. निर्णय लागण्याआधीच रूज बोल्टनचा अनौरस मुलगा रॅम्सी तिला वाटेत पकडतो, बळजबरीने लग्न लावतो, आपल्याला वारस नेमणाऱ्या कागदावर तिची सही घेतो आणि तिला मनोऱ्यात कोंडून उपाशी मारतो. तलवारीच्या धाकाने लावलेले लग्न खरे नव्हे, हे विंटरफेलच्या जाणत्या माणसांना मान्य आहे. पण ते खोटे ठरवून जमीन परत घेणारे न्यायालय त्या राज्यात नाही. बोल्टन घराण्याकडे सैन्य आहे आणि तोच पुरावा ठरतो.

त्याच रॅम्सीशी पुढे जेन पूल हिचे लग्न लावले जाते. ती विंटरफेलच्या कारभाऱ्याची मुलगी, पण तिला सान्साची हरवलेली बहीण आर्या म्हणून उभे केले जाते, कारण विंटरफेलवर दावा सांगायला स्टार्क नावाची नवरी लागते. रात्री तिचे रडणे गढीत ऐकू येते आणि उत्तरेचे सरदार अस्वस्थ होतात. त्यांची अस्वस्थता सान्साचे वडील एडर्ड स्टार्क यांच्या लेकीसाठी आहे. रडणारी मुलगी कारभाऱ्याची आहे हे कळले असते, तर किती जण अस्वस्थ झाले असते, हा प्रश्न मार्टिन वाचकावर सोडतो. दयाही घराण्याच्या नावावर जमा होते.

नवऱ्याचा हक्क आणि त्याच्या मर्यादा

लग्नानंतर स्त्रीची स्थिती काय, हे राणी सर्सीच्या संसारात दिसते. ती आणि तिचा जुळा भाऊ जेमी लहानपणी इतके सारखे दिसत की वडिलांनाही ओळखू येत नसत. तरी त्याला तलवार मिळाली आणि तिला गोड बोलायला शिकवले गेले. तिचे लग्न राजा रॉबर्टशी झाले. पहिल्या रात्री नशेत त्याने तिला दुसऱ्याच स्त्रीच्या नावाने हाक मारली. तो रात्री तिला दुखवी आणि सकाळी आठवत नाही म्हणे. तो मेल्यावर ती राजमाता आणि राज्याची पालक होते, तरी तिचा बाप टायविन तिचे दुसरे लग्न ठरवायला बसतो. राज्याचे हुकूम जिच्या नावाने निघतात, तिला आपल्या लग्नावर हुकूम चालवता येत नाही. सर्सी क्रूर आहे आणि मार्टिन तिचा क्रूरपणा कुठेही माफ करत नाही. पण तो कोणत्या घरात घडला, हेही तो सांगतो.

राज्याच्या इतिहासात सुधारणांचे प्रयत्न झालेले आहेत. पहिल्या राजाची राणी रेनिस हिच्यापुढे एक खटला आला. व्यभिचाराच्या संशयावरून बायकोला मरेपर्यंत मारणारा नवरा ‘हा माझा अधिकार’ म्हणत होता. त्याने शंभर फटके मारले होते. रेनिसने ठरवले की नवऱ्याला सहा फटक्यांपर्यंत मुभा, आणि उरलेले चौऱ्याण्णव फटके मृत स्त्रीच्या भावांनी त्याला मारावेत. निवाडा ऐकायला न्याय्य वाटतो, पण त्याने सहा फटके कायदेशीर केले. पुढे जेहेरिस आणि ॲलिसान यांच्या कारकिर्दीत विधवांसाठी कायदा झाला. नवरा मेल्यावर सावत्र मुलांनी विधवेला घराबाहेर काढू नये, आणि नवऱ्याने दुसरीच्या नादाने पहिलीच्या मुलांना वारशातून वगळू नये, अशी त्यात तजवीज होती. रयतेच्या नवरीवर पहिल्या रात्री जहागीरदाराचा हक्क सांगणारी प्रथाही याच काळात ॲलिसानच्या आग्रहाने बंद झाली. तरी दोन शतकांनंतर रूज बोल्टन ती गुपचूप चालवत होता आणि रॅम्सी हे त्याचेच फळ. युरोपच्या इतिहासात असा हक्क कायद्याने कुठे मान्य होता, याला विश्वासार्ह पुरावा मिळत नाही. बहुतेक इतिहासकार ती नंतरच्या काळात रचलेली दंतकथा मानतात. इथे मार्टिनने इतिहास घेतलेला नाही, इतिहासाबद्दलची अफवा घेतली आहे.

इंग्लंडमधील मूळ साचा

बाकीच्या बाबतीत मार्टिनच्या कथेचे मूळ भक्कम आहे. नॉर्मन विजयानंतरच्या इंग्लंडमध्ये उमरावाची जमीन तत्त्वतः राजाने दिलेली असे. उमराव अल्पवयीन वारस मागे ठेवून मेला, की जमीन आणि वारसाचे पालकत्व राजाकडे जाई. त्या पालकत्वात वारसाचे लग्न ठरवण्याचा अधिकार येई आणि राजा तो अधिकार विकू शके. ११८५ मध्ये दुसऱ्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी काही परगण्यांतल्या अशा विधवांची आणि अल्पवयीन वारसांची यादी केली. तीत बाईचे वय, मुले किती, जमिनीचे उत्पन्न किती, तिथे गुरे किती, असे सगळे ओळीने नोंदलेले आहे. वेस्टेरॉसमध्ये उमरावांच्या तोंडी जी भाषा येते, ती या दफ्तराची भाषा आहे.

१२१४ मध्ये जॉन राजाने ग्लॉस्टरची वारस इझाबेला हिच्याशी लग्न करण्याचा अधिकार जेफ्री डी मँडेव्हिल या उमरावाला वीस हजार मार्कांना विकला. मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड. ही इझाबेला जॉनचीच पहिली बायको. राजा झाल्यावर त्याने ते लग्न रद्द करून घेतले होते. पुढच्याच वर्षी, १२१५ मध्ये, बंडखोर उमरावांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टावर मोहोर उमटवून घेतली. त्या सनदेतले सहावे कलम वारसांची लग्ने हलक्या घरात लावू नयेत असे सांगते. सातव्याने विधवेला तिचा वाटा विनामूल्य आणि विनाविलंब मिळण्याची, तसेच नवऱ्याच्या घरात चाळीस दिवस राहण्याची हमी दिली. आठव्याने विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती बंद केली, मात्र राजाच्या संमतीखेरीज लग्न करणार नाही असा जामीन तिने द्यावा, अशी अट ठेवली. स्वातंत्र्याचा मूळ दस्तऐवज म्हणून गौरवलेल्या या सनदेने स्त्रीला लग्न नाकारण्याची मुभा दिली, करण्याची नाही. तीही विधवेला. कुमारिका वारस विकाऊच राहिली.

पंधराव्या शतकात हा बाजार ऐन भरात होता. चौथ्या एडवर्डचा धाकटा मुलगा रिचर्ड याचे लग्न १४७८ च्या जानेवारीत नॉरफोकची वारस ॲन मोब्रे हिच्याशी झाले. वर चार वर्षांचा, वधू पाच वर्षांची. ती १४८१ मध्ये वारली. नियमाने जमीन तिच्या नातलगांकडे जायला हवी होती, पण संसदेच्या कायद्याने ती बालविधुर राजपुत्राकडेच ठेवण्यात आली. एरमेसांड हेफर्डची कथा यापुढे अतिशयोक्त वाटत नाही. जमीन असेल तर वयाचे दुसरे टोकही चाले. १४६५ मध्ये नॉरफोकची वृद्ध विधवा कॅथरीन नेव्हिल हिचे लग्न राणीच्या जॉन वुडव्हिल या विशीतल्या भावाशी लागले. तिची साठी उलटून गेली होती. समकालीन बखरकाराने या लग्नाला सैतानी म्हटले.

मार्गारेट बोफर्टचे चरित्र या सगळ्याचा मध्य आहे. तिचा जन्म १४४३ चा. ती वर्षाची व्हायच्या आत वडील वारले आणि तिचे पालकत्व सफोकच्या ड्यूकला मिळाले. त्याने आपल्या मुलाशी तिचे बाललग्न लावले, ते नंतर रद्द झाले. १४५५ मध्ये बाराव्या वर्षी तिचे लग्न एडमंड ट्यूडरशी झाले. त्याचे वय तिच्या सुमारे दुप्पट. वर्षभरात तो प्लेगने गेला आणि २८ जानेवारी १४५७ रोजी, तेराव्या वर्षी, तिने पेंब्रोकच्या किल्ल्यात मुलाला जन्म दिला. पुढे आणखी दोन लग्ने झाली, पण तिला पुन्हा मूल झाले नाही. तोच मुलगा १४८५ मध्ये बॉसवर्थची लढाई जिंकून सातवा हेन्री म्हणून राजा झाला. त्याच्या पहिल्याच संसदेने मार्गारेटला, नवरा जिवंत असताना, अविवाहित स्त्रीप्रमाणे स्वतःच्या मालमत्तेचा व्यवहार करण्याचा अधिकार दिला. हा अपवाद मिळायला तिचा मुलगा राजा व्हावा लागला.

गादीवरचा हक्क

जमिनीला लागू असलेला नियम सिंहासनाला लावायची वेळ आली, की वेस्टेरॉसमध्ये रक्त सांडते. पहिला राजा एगॉन याच्या विजयापासून मोजलेल्या १०१ व्या वर्षी उमरावांची महासभा भरली आणि तिने थोरल्या राजपुत्राच्या मुलीची शाखा डावलून धाकट्याच्या मुलाला वारस ठरवले. हाच निवडलेला राजा व्हिसेरिस (डेनेरिसचा भाऊ नव्हे) पुढे आपली मुलगी रेनिरा हिला वारस नेमतो आणि उमरावांकडून तिच्याशी निष्ठेची आण घेववतो. तो मरताच दुसऱ्या बायकोचा एगॉन नावाचाच मुलगा गादीवर बसवला जातो. १२९ ते १३१ या वर्षांत झालेल्या यादवीत ड्रॅगनच ड्रॅगनांना मारतात. तीवर बेतलेली ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका २०२२ पासून सुरू झाली.

या कथेमागे बाराव्या शतकातली सम्राज्ञी मटिल्डा उभी आहे. आठव्या वर्षी तिला जर्मनीत सम्राट पाचव्या हेन्रीची वाग्दत्त वधू म्हणून पाठवले गेले. ती विधवा होऊन परतली, तेव्हा तिचा एकुलता औरस भाऊ जहाज बुडून मेलेला होता. पिता पहिल्या हेन्रीने ११२७ मध्ये उमरावांना तिच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली आणि पुढच्याच वर्षी अंजूच्या जेफ्रीशी तिचे लग्न लावले. ती सव्वीस वर्षांची, तो चौदा-पंधरा वर्षांचा. अंजूचे घराणे नॉर्मनांचे जुने वैरी. त्यामुळे वारस म्हणून तिला बळ देणाऱ्या बापानेच तिच्याविरुद्ध तयार कारणही उमरावांच्या हाती दिले. ११३५ मध्ये हेन्री मरताच तिचा आतेभाऊ स्टीफन राजा झाला. ११४१ मध्ये तिने त्याला लिंकनच्या लढाईत पकडले, तरी तिचा राज्याभिषेक झाला नाही. ११५३ च्या तहाने गादी तिच्या मुलाला मिळायची ठरली. रेनिराच्या कथेतही शेवटी तिचा मुलगाच राजा होतो, आणि त्यानंतर वेस्टेरॉसच्या लोहसिंहासनाच्या वारसाक्रमात स्त्रिया सगळ्या पुरुषांच्या मागे जातात.

कादंबरी जिथे इतिहासापासून ढळते

एवढे साम्य असूनही वेस्टेरॉस मध्ययुगीन इंग्लंडपेक्षा काही बाबतींत अधिक काळे आहे. पहिली बाब संमतीची. बाराव्या शतकापासून पश्चिमी चर्चचा सिद्धान्त असा होता की लग्न वधूवरांच्या परस्पर संमतीने होते. मुलीचे किमान वय बारा, मुलाचे चौदा. धाकदपटशाने मिळवलेली संमती अवैध धरली जाई आणि धर्मन्यायालयात दाद मागता येई. व्यवहारात घरचे लोक ही संमती मारून मिळवत. नॉरफोकच्या पास्टन या जमीनदार घराण्याच्या पत्रांत १४४९ ची एक हकिगत आहे. एलिझाबेथ पास्टन वयाने खूप मोठ्या, आजाराने विद्रूप झालेल्या विधुराला नाकारते, म्हणून आई तिला आठवड्यातून एकदा-दोनदा बडवते आणि तिचे डोके फुटते. पण याच घरात १४६९ मध्ये मार्जरी पास्टन कारभारी रिचर्ड कॅल याच्याशी गुपचूप वचनबद्ध झाली. घरच्यांनी बिशपपुढे नेले. आपण काय बोललो ते तिने ठामपणे सांगितले आणि बिशपला लग्न मान्य करावे लागले. आईने तिला घराबाहेर काढले, तरी लग्न टिकले. वेस्टेरॉसमध्ये सप्तदेवांचे पुरोहित आहेत, लग्न रद्द करण्याची सोयही आहे, पण मुलीचा शब्द नोंदवून घेणारा बिशप नाही.

दुसरी बाब वयाची. सर्वसामान्य घरांतल्या मुली वायव्य युरोपात लग्न उशिरा, बहुधा विशीत करत, असे जॉन हाजनल या अभ्यासकाने १९६५ मध्ये मांडले. उमरावांत बाललग्ने होत, पण नवराबायकोचा संसार काही वर्षे लांबवला जाई. मार्गारेट बोफर्टच्या बाबतीत ट्यूडर थांबला नाही, हे त्या काळातही गैर समजले गेले. ‘तेव्हा असेच चालायचे’ हे मार्टिनच्या बाजूने दिले जाणारे उत्तर म्हणून अर्धेच खरे आहे. याची साक्ष खुद्द मार्गारेटच देते. १४९८ मध्ये सातवा हेन्री आपली आठ-नऊ वर्षांची मुलगी स्कॉटलंडच्या राजाला देण्याची बोलणी करत होता. तेव्हा राणी आणि आजी मार्गारेट, दोघींनी तिला इतक्यात पाठवायला विरोध केला. स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही आणि मुलीला इजा होईल, ही त्यांची भीती होती, असे स्पॅनिश वकिलाच्या अहवालात नमूद आहे. लग्न १५०३ पर्यंत लांबले. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती.

डॉर्न आणि इतर अपवाद

व्यवस्थेबाहेर पडणाऱ्या स्त्रिया वेस्टेरॉसमध्ये आहेत. ब्रिएन ही धिप्पाड वीरांगना पासष्टीच्या नियोजित वराला द्वंद्वात हरवते, त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडते आणि लग्न टळते. आशा ग्रेजॉय जहाजांचा ताफा चालवते. तिचा चुलता तिच्या गैरहजेरीत तिचे लग्न एका म्हाताऱ्याशी लावतो आणि विधीत तिच्या जागी सील हा प्राणी उभा करतो. वधूची गरज किती कमी, हे यापेक्षा नेमके दाखवता येत नाही. या दोघींची सुटका त्यांच्या बाहुबळाची आहे. ते सगळ्यांना मिळत नाही.

अधिक बोलका अपवाद दक्षिणेतल्या डॉर्नचा. तिथे थोरले अपत्य वारस होते, मग तो मुलगा असो की मुलगी. तरी राजकन्या एरियानचे लग्न तिच्या बापाने तिला न सांगता, राजकारणासाठी, परागंदा व्हिसेरिसशी ठरवून ठेवलेले असते. तिच्यापुढे दाखवायला म्हणून तो म्हातारे वर आणतो, आणि बाप आपला वारसा भावाला देणार अशी तिची समजूत होऊन ती बंड करते. समान वारसा मिळूनही संमती मिळत नाही, तोवर घर तेच राहते.

कायद्याचा पुढचा प्रवास

उमरावी पालकत्वाचा बाजार इंग्लंडमध्ये १६६० मध्ये कायद्याने बंद झाला, पण विवाहित स्त्री कायद्याने नवऱ्यात विलीन होते हे तत्त्व टिकले. १७६५ मध्ये ब्लॅकस्टोनने ते कायद्याच्या ग्रंथात मांडले. बायकोला स्वतःची मालमत्ता पूर्णपणे मिळाली ती १८८२ च्या कायद्याने. राजगादीसाठी मुलगा आणि मुलगी समान धरणारा कायदा २०१३ चा आहे आणि तो २०१५ मध्ये अंमलात आला.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत आला. दूर राहणाऱ्या जोडीदाराला न्यायालयाच्या हुकमाने परत नांदायला लावणे, हा इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतला जुना दावा. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी तो रखमाबाईंवर मुंबई उच्च न्यायालयात लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेले, त्या सासरी कधी नांदल्या नव्हत्या. वडिलांची मालमत्ता आईच्या पुनर्विवाहाच्या वेळी त्यांच्या नावे झाली होती आणि नवऱ्याकडच्यांचा डोळा तिच्यावर आहे, असे त्यांच्या बाजूने मांडले गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी, हा दावा इंग्लंडमधून आलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असे म्हणत तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्यानंतर त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. नांदायला लावण्याचा हा दावा इंग्लंडने १९७० मध्ये रद्द केला. भारतात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आजही आहे.